त्या दगडावर पाय ठेवू नका

आज सकाळी आपल्याच ह्यूस्टनकर मंडळींपैकी एकाने टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या, वादळांनी उजाड केलेल्या इंडियानोला गावाच्या दफनभूमीतला फोटो टाकला. थडग्याच्या दगडावर पाय, डोळ्यांवर गॉगल आणि खाली ओळ, 'भुतांच्या गावात वीकएंड'. त्यावर हसणाऱ्यांत निम्मे माझ्या ओळखीचे निघाले, म्हणून हे लिहीत आहे.

मागे सासूबाई आल्या होत्या, तेव्हा त्यांना मी तेथे नेले होते. एका लहान मुलाच्या दगडाशी त्या खाली बसल्या, पदर सावरून भोवतीचे गवत उपटू लागल्या आणि म्हणाल्या, "अगं, पितृपक्षात यांचं पान कोण वाढतं?" मला उत्तर देता आले नाही.

१८४४ च्या डिसेंबरात प्रिन्स कार्ल ऑफ सोल्म्स-ब्राउनफेल्स यांनी मॅटागोर्डा उपसागराचा हा किनारा जर्मन वसाहतकऱ्यांना उतरवण्यासाठी निवडला. जमिनीचे आश्वासन देऊन त्यांना आणणारे जर्मन सरदारांचे मंडळ, ज्याचे काम हे प्रिन्स पाहत होते, कर्जात बुडालेले होते; त्यात १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध पेटले, गाडीवान अधिक पैशांसाठी सैन्याच्या कामाला निघून गेले आणि घरदार विकून आलेली माणसे पावसात, तापात, वाळूवर, आतल्या भागात नेणाऱ्या गाड्यांची वाट पाहत राहिली. शेकडो मेली. त्यांतल्या बहुतेकांना दगडही मिळाला नाही. आपल्याला न्यायला विमानतळावर कोणी ना कोणी आले होते, एवढे तरी हसण्यापूर्वी आठवायचे!

हा किनारा मुळात कारंकावा या मूळनिवासी लोकांचा होता आणि त्यांना हुसकावणारे गोरे वसाहतकरीच होते, हे मान्य. पण म्हणून थडग्यावर पाय ठेवायचा परवाना मिळत नाही.

पुढे येथेच पाच हजारांहून अधिक वस्तीचे बंदर उभे राहिले. १८५६ मध्ये अमेरिकी सैन्याने येथे चौतीस उंट उतरवले, हे सांगितल्यावर मात्र सासूबाई खळखळून हसल्या होत्या. सप्टेंबर १८७५ च्या चक्रीवादळाने गाव मोडले, तरी काही जण हट्टाने राहिले. ऑगस्ट १८८६ च्या वादळात उरलेलेही गेले, वर आग लागली. परगण्याचे ठाणे पोर्ट लव्हाकाला हलवण्यात आले आणि ज्या जागी कचेरी होती तेथे आज समुद्र आहे. अशा उघड्या जागी गाव वसवणे शहाणपणाचे नव्हते, हेही खरे असेल.

सासूबाईंनी उपटलेले गवत एव्हाना पुन्हा वाढले असेल. फोटो टाकणाऱ्याचा मघाशी होता तेवढा राग आता राहिलेला नाही. त्याला हे कोणी सांगितलेच नसावे. सर्वपित्रीच्या आसपासच्या शनिवारी, व्यवस्था पाहणाऱ्यांची परवानगी घेऊन, मी तेथे जाणार आहे. यायचे असेल त्यांनी हातमोजे, टोपी आणि भरपूर पाणी आणावे; सावलीला तेथे फारसे काही नाही.