सलाफहादाच्या मुलींच्या नावाने जात सांगू नका

ख्रिस्ती घरांत स्थळं बघायला लागलं की एक संदेश फिरतो: "बायबलच्या गणना पुस्तकाच्या 36व्या अध्यायात देवाची आज्ञा आहे की प्रत्येकाने आपल्याच वंशात लग्न करावं. म्हणून जातीबाहेरचं लग्न बायबलविरोधी, आणि बाहेर लग्न करणाऱ्या मुलीला वारसा नाही." यातला एकही दावा त्या अध्यायात नाही.

"आज्ञा प्रत्येकाला आहे."

36वा अध्याय 27व्याशिवाय वाचताच येत नाही. मनश्शे वंशातला सलाफहाद रानात वारला, मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या मुली दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी मोशे, एलाजार याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव कुळातून का जावं, आम्हाला वतन, म्हणजे वारशाची जमीन, द्या, असं त्यांनी मागितलं. मोशेने प्रकरण परमेश्वरापुढे नेलं. मुलींचं म्हणणं बरोबर आहे, असं उत्तर आलं आणि मुलगा नसेल तर वतन मुलीला, हा सगळ्या इस्राएलाचा नियम झाला.

पुढे 36 मध्ये सलाफहादाच्याच गिलाद कुळाचे प्रमुख पुरुष तक्रार घेऊन येतात. त्यांना चिंता जमिनीची आहे: या मुली दुसऱ्या वंशात गेल्या तर त्यांचं वतनही जाईल आणि योबेल वर्षानंतर (दर पन्नासावं वर्ष, जेव्हा विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत येई) ते कायमचं तिकडचंच होईल. निर्णय मिळतो की त्यांनी आवडेल त्याच्याशी लग्न करावं, पण बापाच्या वंशातल्या कुळातच. आठव्या वचनात हा नियम इतरांना लावला आहे, तोही वतन मिळालेल्या मुलींपुरताच. जिला भाऊ आहे तिच्याबद्दल अध्याय गप्प आहे.

इथे ताण आहे आणि तो झाकू नये. 27 मध्ये दिलेल्या हक्कावर 36 मध्ये अट लागते, आणि या वेळी मुलींना कुणी विचारल्याचं दिसत नाही. पाचही जणींनी चुलतभावांशी लग्न केलं. हा अध्याय जसाच्या तसा पाळायचा तर तेही पाळावं लागेल; कॅथलिक चर्चमध्ये मात्र सख्ख्या चुलतभावंडांच्या लग्नाला खास परवानगी लागते.

"वंशाबाहेर लग्नं होतच नसत."

अहरोन लेवी वंशाचा, त्याची बायको अलीशेबा यहूदा वंशातली. दावीद यहूदा वंशाचा, त्याची बायको मीखल बन्यामीन वंशातली. शास्ते 21 मध्ये इतर वंश शपथ घेतात की बन्यामीनाला मुली द्यायच्या नाहीत, आणि मग एक वंश बुडतो म्हणून रडतात. अशी लग्नं होतच नसती तर शपथेची गरज काय होती?

मला सर्वात बोलका वाटतो तो 1 इतिहास 2 मधला शेशान. त्याला मुलगे नव्हते, मुलीच होत्या. त्याने एक मुलगी यरहा नावाच्या आपल्या मिसरी चाकराला दिली आणि तिची संतती यहूदाच्याच वंशावळीत पुढे चालते. गणना 36 ज्या स्थितीबद्दल बोलतं, तीच ही स्थिती. तरी लिहिणारा निषेधाचा शब्द काढत नाही. तालमुद या ज्यूंच्या धर्मग्रंथातही हा निर्बंध वतनं वाटली गेली त्या एका पिढीपुरता मानला आहे.

कॅथलिक बायबलमध्ये असलेलं तोबीतचं पुस्तक मानणारे म्हणतील, तिथे बाप मुलाला बापाच्या वंशातलीच बायको कर असं सांगतो. सांगतो, आणि या दाव्याला बायबलमध्ये मिळणारा सर्वात भक्कम आधार तोच आहे. पण तो निनवेत हद्दपारीत जगणाऱ्या, विखुरल्या गेलेल्या माणसाचा उपदेश आहे. शिवाय इस्राएलाचे वंश म्हणजे याकोबाच्या मुलांची घराणी, एकाच बापाची लेकरं. तिथे कुणी कुणाला अस्पृश्य नव्हतं. त्यावरून गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांमधल्या बामण-चारडो-सुदीर या जाती किंवा आपल्याकडची जात सिद्ध करणं हा त्या मजकुरावर अन्याय आहे.

परराष्ट्रीयांशी लग्नाची मनाई वेगळी. अनुवाद या पुस्तकाचा 7वा अध्याय तिचं कारण देतो: मुलं इतर देवांकडे वळतील. एज्रा 10 मध्ये बायका-मुलांना घालवून देण्यापर्यंत गोष्ट जाते. आणि त्याच बायबलमध्ये मवाबी रूथ बवाजाशी लग्न करते, मृत नवऱ्याचं नाव त्याच्या वतनावर टिकतं, आणि दावीद तिचा पणतू. दोन्ही बाजू शास्त्रात आहेत. एकच निवडून तिला देवाची आज्ञा म्हणू नये.

"बाहेर लग्न केलं की वारसा जातो."

हा दावा सर्वात उलटा आहे. बाहेर लग्न केल्याने मुलीचा हक्क बुडत असता तर गिलादाच्या पुरुषांना भीती कसली होती? वतन तिच्यासोबत जातं, म्हणूनच ते मोशेकडे धावले. यहोशवा 17 मध्ये त्या पाच जणी एलाजार आणि यहोशवा यांच्यासमोर पुन्हा येतात, दिलेल्या शब्दाची आठवण करून देतात आणि आपला वाटा घेतात.

आपल्याकडे महाराष्ट्रात ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. आईवडील मृत्युपत्र न करता गेले तर मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा मिळतो, आणि मुलीने कुणाशी लग्न केलं हे तो कायदा विचारत नाही.