अवे गेमला जायलाच हवं

इंडियानातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीत शिकलेल्या आमच्या शिकागोतल्या मराठी मंडळींत दर ऑगस्टला एकच वाद निघतो. अमेरिकन फुटबॉलच्या होम गेमसाठी, म्हणजे आपल्याच मैदानावरच्या सामन्यासाठी, वेस्ट लाफायेटला जाऊ, जुने मित्र भेटतील, कॅम्पसवर चक्कर होईल, हे सगळ्यांना पटतं. पण अवे गेमसाठी, म्हणजे परक्या गावात, परक्या स्टेडियममध्ये, आपण हरण्याचीच शक्यता जास्त असताना तीन-चार तास गाडी चालवून कशाला जायचं? गेमच्या वीकेंडला हॉटेलवाले दर वाढवतात आणि वर दोन रात्री घ्याच म्हणतात. आणि खेळ तर घरी टीव्हीवर जास्त नीट दिसतो. ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान होत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

वर्षात एकच गेम बघायला जमणार असेल, तर तो अवे असावा असं माझं ठाम मत आहे.

मी कोल्हापूरची. आमच्याकडचा फुटबॉल पायानं खेळायचा, पण वेड हेच. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, प्रत्येक पेठेचा जीव आपापल्या टीममध्ये अडकलेला. फरक एवढाच की सगळे सामने एकाच शाहू स्टेडियमवर. समोरच्या बाजूला ओरडणारा माणूस दुसऱ्या दिवशी मंडईत भेटणार. परक्याच्या मैदानावर जाणं म्हणजे काय, हे मला कळायचं काही कारणच नव्हतं. पर्ड्यूला एमएससाठी आले आणि रॉस-एड स्टेडियममध्ये स्टुडंट सेक्शनमध्ये पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा आनंद झाला, पण नवल वाटलं नाही. गर्दी आपली, रंग आपला, घोषणा आपल्या. पर्ड्यू आपली टीम आहे हे मला खरं जाणवलं ते इलिनॉयच्या स्टेडियममध्ये, शँपेनला. सगळीकडे नारिंगी आणि निळा रंग, आणि एका कोपऱ्यात आम्ही मूठभर काळे-सोनेरी. त्या कोपऱ्यात कुणी कुणाला नाव विचारलं नाही. 'बॉयलर अप' ही आमची घोषणा म्हटली की पलीकडून 'हॅमर डाउन' आलं, एवढ्यावर ओळख झाली.

आमच्या युनिव्हर्सिटीचा इतिहाससुद्धा असा बाहेरगावी जाणाऱ्या माणसांनी घडवलेला आहे. ३१ ऑक्टोबर १९०३ ला इंडियाना युनिव्हर्सिटीविरुद्धचा सामना इंडियानापोलिसला होता. टीम, बँड आणि समर्थक यांच्यासाठी लाफायेटहून दोन खास रेल्वेगाड्या निघाल्या. इंडियानापोलिसजवळ पहिली गाडी कोळशाच्या डब्यांवर आदळली. खेळाडू सगळ्यांत पुढच्या डब्यात होते. १७ माणसं गेली, त्यांत १४ खेळाडू. मागच्या डब्यांतले समर्थक उतरून जखमींना बाहेर काढायला लागले, आणि काही जण रुळांवरून उलट दिशेनं धावले, कारण दुसरी गाडी मागून येत होती. ती थांबवली गेली. हॅरी लेस्लीला तर मृत समजून शवागारात नेलं होतं. तो जिवंत निघाला आणि १९२९ मध्ये इंडियाना राज्याचा गव्हर्नर झाला. गेलेल्यांच्या स्मरणार्थ १९०९ मध्ये मेमोरियल जिम्नॅशियम बांधलं, तेच आजचं हास हॉल. त्याला १७ पायऱ्या केल्या, प्रत्येकासाठी एक. आपल्याकडून आलेल्या कितीतरी मुलांनी त्या पायऱ्या चढून क्लास गाठले असतील. हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

एवढं होऊनही लोक जायचे थांबले नाहीत. दोनच वर्षांनी, १९०५ मध्ये, पर्ड्यूची मुलं शँपेनला निघाली ती छोटी तोफ बरोबर घेऊन. जिंकलो की उडवायची. सामना पर्ड्यूनं जिंकला, पण लपवून ठेवलेली तोफ इलिनॉयच्या मुलांनी आधीच शोधून पळवली होती. पुढं १९४३ मध्ये तीच तोफ दोन्ही युनिव्हर्सिटींमधली ट्रॉफी झाली आणि आजही दर वर्षी तिच्यासाठी खेळतात. ती मुलं घरी बसली असती तर ही ट्रॉफी झालीच नसती.

आता आयोवा सिटी. १६ ऑक्टोबर २०२१. हा दिवस मी आयुष्यभर सांगत राहणार आहे.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून आय-८८ हायवे धरायचा, मिसिसिपी ओलांडली की आयोवा. वॉलकॉटला जगातला सगळ्यांत मोठा म्हणवणारा ट्रक स्टॉप आहे, तिथं चहा-कॉफी आणि मुलीचे पाय मोकळे करणं. आयोवा युनिव्हर्सिटीची टीम तेव्हा देशात दुसऱ्या क्रमांकावर, एकही सामना न हरलेली. आमची टीम क्रमवारीत कुठंच नाही. गंमत म्हणजे दोघांचेही रंग काळा आणि सोनेरी, त्यांचा जरा पिवळा, आमचा जुन्या सोन्यासारखा. पार्किंगमध्ये आम्हाला आयोवाचेच समजून एका कुटुंबानं ग्रिलवरचे सॉसेज दिले. जॅकेटवरचा 'पी' दिसल्यावर ते मोठ्यानं हसले आणि आणखी एक वाढला. मी डब्यातला जयसिंगपूरचा भडंग पुढं केला. लसणीचा वास नाकात गेल्यावर त्यांच्यातल्या आजींनी आधी चार दाणे उचलले आणि मग ओंजळ पुढं केली.

आयोवाच्या किनिक स्टेडियमबद्दल सगळ्यांना एकच माहीत असतं, पाहुण्या टीमची गुलाबी लॉकर रूम. हेडन फ्राय नावाच्या कोचनं ती रंगवून घेतली. फ्राय मानसशास्त्र शिकलेले, गुलाबी रंगानं प्रतिस्पर्धी मवाळ होतात असं त्यांचं म्हणणं. पण मला त्या स्टेडियमचं खरं रूप दिसलं पहिला क्वार्टर संपल्यावर. स्टेडियमला लागूनच लहान मुलांचं हॉस्पिटल आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या मोठ्या काचांमागं आजारी मुलं आणि त्यांचे आईबाप उभे असतात. क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम तिकडे वळतं आणि हात हलवतं. २०१७ मध्ये आयोवाच्या एका चाहतीनं सुचवलं आणि तेव्हापासून प्रत्येक होम गेमला हे होतं. जवळजवळ ७० हजार माणसं, दोन्ही टीमचे खेळाडू, पंच, सगळे. शेजारच्या रांगेतले काळ्या-पिवळ्या टोपीतले आजोबा माझ्या मुलीला म्हणाले, "उंच धर बाळ, वरच्यांना दिसायला हवं." ती बाकावर चढून दोन्ही हात हलवत राहिली. टीव्हीवर हे मी कितीतरी वेळा पाहिलं होतं. तिथं उभं राहिल्यावर घसा दाटून आला.

आणि मग आमचा डेव्हिड बेल. ११ कॅच, २४० यार्ड. आयोवाचा बचाव देशात गाजलेला, आणि हा मुलगा जिथं चेंडू जाईल तिथं आधीच पोचलेला. तिसऱ्या क्वार्टरनंतर स्टेडियम शांत व्हायला लागलं तसा आमचा कोपरा ऐकू यायला लागला. होम गेमला आपला आवाज साठेक हजारांत मिसळून जातो. अवे गेमला तो एकटा उरतो, आणि मैदानावरचे खेळाडू त्या कोपऱ्याकडे बघतात. २४-७ जिंकलो. संपल्यावर टीम आमच्याकडे धावत आली. बाहेर पडताना आयोवाची माणसं पडलेल्या चेहऱ्यानं का होईना, "गुड गेम" म्हणत होती.

असा दिवस रोज मिळत नाही हे मला चांगलं माहीत आहे. २०२४ मध्ये पर्ड्यू १२ पैकी ११ सामने हरली. शँपेनला ३-२७ अशी मागं पडून टीम उभी राहिली, ओव्हरटाइमपर्यंत गेली, बरोबरी न साधता थेट जिंकण्यासाठी दोन गुणांचा प्रयत्न केला आणि ५०-४९ हरली. ब्लूमिंग्टनला नोव्हेंबरच्या शेवटी, कडाक्याच्या थंडीत, इंडियानानं ६६-० हरवलं. ओल्ड ओकन बकेट या ट्रॉफीसाठी हे दोघं १९२५ पासून खेळतात आणि जिंकणाऱ्याचं अक्षर बादलीच्या साखळीत जोडलं जातं. त्या रात्री आणखी एक 'आय' जोडला गेला. मी होते तिथं. हाफटाइमनंतर आमच्यातले बरेच निघून गेले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. राहिलो ते जवळ जवळ सरकून बसलो. शेजारच्या वयस्कर बाईंनी हातमोज्यात ठेवायची गरम पाकिटं फोडून एकेकाला वाटली. त्या साठच्या दशकात पर्ड्यूला शिकलेल्या, पर्ड्यूचा तेव्हाचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीला खेळताना पाहिलेल्या, रोझ बोल या मानाच्या सामन्याच्या आठवणी सांगत होत्या. घरी सोफ्यावर मी ६६-० नंतर टीव्ही बंद करून झोपले असते आणि महिनाभर चिडले असते. तिथं ते दुःख वाटून घेतलं गेलं.

म्हणूनच सध्या जे चाललंय त्याचा मला मनापासून राग येतो. पर्ड्यू ज्यात खेळते ती बिग टेन ही लीग मुळात कशी जन्मली? १८९५ मध्ये पर्ड्यूचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी शिकागोत बैठक बोलावली, आसपासच्या सात युनिव्हर्सिटी एकत्र आल्या. रेल्वेनं जाऊन परत येता येईल अशी शेजारची गावं. आज लीगमध्ये १८ टीम आहेत. २०२४ पासून वॉशिंग्टन, ओरेगन, यूसीएलए आणि यूएससी आत आल्या, पूर्व-पश्चिम विभाग रद्द झाले, आणि आयोवाशी दर वर्षी होणारा आमचा सामना वेळापत्रकातून गेला. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी पर्ड्यू-आयोवा झालंच नाही. त्याऐवजी २०२५ च्या नोव्हेंबरात पर्ड्यूचा गेम सिएटलला. चार माणसांच्या कुटुंबानं विमानाची तिकिटं काढून जायचं? आमचं रेल्वे इंजिनाच्या रूपातलं बॉयलरमेकर स्पेशल विद्यार्थ्यांचा रीमर क्लब रस्त्यानं चालवत अवे गेमला नेतो. हायवेवर ते दिसलं की आमची मुलगी खिडकीला नाक लावते. ते काय रॉकी पर्वत ओलांडून जाणार?

हे सगळं टीव्हीच्या पैशासाठी झालं. सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा करार. त्या बदल्यात गेमची वेळसुद्धा वाहिन्या ठरवतात, पुष्कळदा १२ दिवस आधी आणि कधी कधी जेमतेम सहा. दुपारी बारा की रात्री साडेसात, हे माहीत नसताना हॉटेल घ्यायचं की रात्रीच परत फिरायचं हे कसं ठरवणार? ज्याला सोमवारी ऑफिस आहे, मुलांची शाळा आहे, त्यानं काय करायचं? कॅमेऱ्याला भरलेलं स्टेडियम हवं असतं, कोपऱ्यातला पाहुण्यांचा रंगही हवा असतो, पण त्या माणसांची सोय कुणी बघत नाही. शेजारच्या राज्यांतल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांशी किमान दोन अवे गेम दर वर्षी ठरलेले असावेत आणि त्यांची वेळ उन्हाळ्यातच जाहीर व्हावी. ही मागणी मी माजी विद्यार्थी संघटनेला लिहून पाठवली आहे. तुम्हीही पाठवा.

ग्रुपवर काही जणांनी खासगीत विचारलं की लहान गावात, दारू प्यायलेल्या गर्दीत, आपल्यासारख्यांना त्रास होत नाही का. रास्त प्रश्न आहे. रात्रीच्या गेमला मुलांना घेऊन घरच्या टीमच्या स्टुडंट सेक्शनजवळची तिकिटं घेऊ नका, पाहुण्यांच्या सेक्शनमधलीच घ्या. टोमणे ऐकावे लागतात, पण ते टीमवरून. मिडवेस्टमध्ये मला त्यापलीकडे काही भोगावं लागलेलं नाही. लिंकनला नेब्रास्काचे लोक पाहुण्या टीमसाठी उभे राहून टाळ्या वाजवतात, तेही एकदा बघून या. बॅग पारदर्शकच न्या, छत्री आत नेऊ देत नाहीत, पावसासाठी पाँचो ठेवा. मॅडिसनला जाणार असाल तर २००३ नंतर आपण विस्कॉन्सिनला हरवलेलं नाही हे मनात धरून जा, आणि तिसरा क्वार्टर संपल्यावर सगळं स्टेडियम उड्या मारतं तेव्हा लहान मुलांचा हात धरून ठेवा.

शँपेनचा पुढचा गेम लागला की आम्ही नेपरव्हिलहून सकाळी लवकर निघणार आहोत. गाडीत दोन जागा आहेत, कार सीटची सोय आहे, भडंग आणि थालीपीठं माझ्याकडे. तिकिटं एकत्र काढायची म्हणजे एका रांगेत बसता येईल. ज्यांना यायचंय त्यांनी खाली कॉमेंटमध्ये नाव टाका.