तळ्याच्या पाण्याला आरओ कशाला?

आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणारं मशीन, विकायला दारात उभं राहायचं, ग्लासात दोन सळ्या बुडवून वीज सोडायची आणि पाणी तपकिरी झालं की म्हणायचं, "काकू, बघा, हे पाजता मुलांना!" हा धंदा मुंबईत अजून बिनदिक्कत चालतो, याची चीड येते. तो गाळ पाण्यात नसतोच. सळ्यांपैकी एक लोखंडाची असते. वीज गेली की तेच लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज ग्लासात तरंगतो. आरओच्या पाण्यात क्षार इतके थोडे असतात की वीज धड वाहतच नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्या विक्रेत्याच्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणावं, आता बुडव सळ्या. तेही तपकिरी होतं.

भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी ही मुंबईला पाणी देणारी सगळी पावसाची तळी. त्यांच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, साधारण शंभराच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतो. ५०० च्या खाली आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच सांगितलं. तरीही गळ्यात मारतात! एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं. वर 'टीडीएस कंट्रोलर' बसवतात, म्हणजे मेंब्रेनमधून (क्षार अडवणाऱ्या पडद्यातून) आलेल्या पाण्यात परत थोडं आधीचंच पाणी मिसळतात. क्षार काढायचे पैसे, परत घालायचेही पैसे.

खरा धोका जंतूंचा, आणि टीडीएस मीटर जंतू मोजतच नाही. नळाला पाणी ठरावीक वेळ येतं. दाब उतरला की गटाराशेजारची फुटकी लाइन बाहेरची घाण आत ओढते. सोसायटीच्या खालच्या टाकीचं झाकण जमिनीलगत असतं, पावसाळ्यात तिथून पाणी मुरतं. टाकी साफ करणारेही कितीदा वरवर पाणी मारून बिल फाडतात. तळाचा गाळ उपसला का, भिंती घासल्या का, ब्लीचिंगचं पाणी मारून धुतल्या का, हे कुणीतरी झाकणापाशी उभं राहून बघायलाच हवं. खालची आणि वरची, दोन्ही टाक्या. एकच धुतली तर पैसे पाण्यात.

सर्व्हिसवाल्यांचं तर बोलूच नये. आला की "मेंब्रेन गेलं". कशावरून? मीटर लावून दाखव! आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस ८० आणि बाहेर येणाऱ्याचा ८-१० असेल तर मेंब्रेन ठणठणीत आहे. धार बारीक झाली असेल तर आधी सेडिमेंट फिल्टर, म्हणजे गाळ अडवणारी पहिली गाळणी, बघायचा, पावसाळ्यात तोच गाळानं तुंबतो. आणि मशीनची साठवण टाकी कधी उघडतात का? आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे न धुतलेल्या टाकीत जंतू वाढतात. घरात पोराला जुलाब लागलेत आणि हा मेंब्रेनच विकतोय!

बोअरवेल किंवा टँकरचं पाणी पिणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी मोजावं, ५०० च्या वर निघालं तर आरओ जरूर घ्यावा. पालिकेच्या पाण्याला गाळणी आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र) पुरतं, नाहीतर उकळणं. फक्त यूव्हीची नळी पेटलेली दिसते म्हणून वर्षानुवर्षं तीच ठेवू नका, प्रकाश दिसत राहतो पण जंतू मारायची ताकद उतरलेली असते. आणि पाणी गढूळ असेल तर किरण आरपार जातच नाहीत.