टीडीएस १८० आला म्हणून नदी स्वच्छ झाली?

शहरातल्या नदीत टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ) दाखवणारा मीटर बुडवून पडद्यावरचा १८० चा आकडा दाखवणारे व्हिडिओ सर्रास फिरतात. सोबत दावा असतो: आकडा कमी, पाणी नितळ, मासेही आहेत, म्हणजे नदी स्वच्छ. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

‘आकडा कमी आहे.’ हा मीटर घाण मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्याला साधारण ०.५ ते ०.७ ने गुणून आकडा दाखवतो. घरी करून बघा. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक ग्रॅम मीठ टाकलं की आकडा हजाराच्या आसपास जातो. तेवढ्याच पाण्यात चमचाभर साखर विरघळवा, काटा जवळपास हलत नाही. मैल्यातले जिवाणू, तेल, कीटकनाशकं यांचंही तेच. पावसात तर क्षार पातळ होऊन टीडीएस उतरतो आणि गटारं तुंबून नदीत मैला वाढतो. मीटर अगदीच टाकाऊ नाही. रोज एकाच जागी मोजताना आकडा अचानक उसळला, तर वर कुणीतरी रासायनिक सांडपाणी सोडलंय का, हे शोधायला तो कामाचा आहे.

‘पाणी नितळ आहे.’ गाळ बसला की पाणी नितळ दिसतंच. मैल्याचं प्रदूषण बघायचं तर फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, तपासावे लागतात. त्यासाठी निर्जंतुक बाटली घ्या, ती पाण्याखाली साधारण ३० सेंमीवर तोंड प्रवाहाकडे करून भरा, वर थोडी हवा ठेवा, बर्फात ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत द्या. धुतलेली कोल्ड्रिंकची बाटली चालत नाही.

‘मासे आहेत.’ कोणते? तिलापिया कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतो आणि मांगूर वर येऊन हवाच घेतो. विरघळलेला ऑक्सिजन मोजा. ३०० मिलीची बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरा, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी २ मिली पिपेट बुडवून सोडा, बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाही. नेमका आकडा पुढे आम्ल घालून थायोसल्फेटच्या टायट्रेशनने मिळतो.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप. ते काढताना एक चूक फार होते. नाल्याजवळचा नमुना पातळ न करता पाच दिवस २० अंशांवर ठेवला की बाटलीतला ऑक्सिजन आधीच संपतो. मग खरा बीओडी लिटरमागे ६० मिग्रॅ असला तरी उत्तर ८ च्या आसपास अडकतं, आणि तोच आकडा ‘सुधारणा’ म्हणून मिरवला जातो. शेवटी किमान १ मिग्रॅ प्रति लिटर ऑक्सिजन उरला पाहिजे आणि किमान २ खर्च झाला पाहिजे, तरच तो निकाल धरायचा.

आणि दुपारी घेतलेल्या एका नमुन्यावर विसंबू नका. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्रभर तेच तो वापरतं. नदीची खरी हालत पहाटे, सूर्य उगवायच्या आधी कळते. नमुना तेव्हाही घ्या, नाला मिळतो त्याच्या वर एक आणि पाणी पूर्ण मिसळल्यावर खाली एक.