सालदाराचं आखाजीला ठरतं, भावाचं कधी?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) साल ठरतं. रोख किती, धान्य किती, सगळं बोलून होतं. त्याच घरच्या डाळमिलमध्ये बारा-बारा तास उभ्या असलेल्या धाकट्या भावाचा पगार मात्र कुणीच ठरवलेला नसतो. का, तर "घरना माणूस शे, पगार कसाले?" जळगावची डाळमिल असो की शहाद्याचं जिनिंग, वाटण्यांची पहिली ठिणगी बऱ्याचदा इथेच पडते. आणि ती विझवायला बाहेरून मॅनेजर आणतात!

१९३२ चा भागीदारी कायदा सांगतो: करारात लिहिलं नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला मागता येत नाही, आणि नफा सगळ्यांना सारखा. म्हणजे रोज मिलवर राबणारा आणि पुण्यात नोकरी करणारा, दोघे भागीदार एकाच मापाचे. मग राबणारा गल्ल्यातून उचल करतो, बाकीचे त्याच्याकडे संशयाने बघतात. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं, हीच पंचाईत.

म्हणून आधी पैसा तीन वाटांनी वेगळा करा. कामाचा पगार, म्हणजे त्या जागी परका ठेवला असता तर जेवढा दिला असता तेवढा, दरमहा बँकेतून. भांडवलावर व्याज; करारात लिहिलेलं असेल तर आयकरात १२ टक्क्यांपर्यंत खर्च म्हणून चालतं. उरला तो नफा, ताळेबंद झाल्यावरच. उचल केलीच तर त्याच दिवशी त्याच्याच खात्यावर नावे. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराचं पगार-व्याज वर्षाला २०,००० च्या वर गेलं की फर्मला १० टक्के टीडीएस कापावा लागतो, त्यामुळे तोंडी हिशेब तसाही अडकणार.

आता मॅनेजर. क्विंटलभर तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडते. तो रोज उतारा मांडतो: तूर किती, डाळ किती, चुणी (डाळीचा बारीक चुरा) किती, टरफल किती. पण चुणी पशुखाद्यवाल्याला रोखीने जाते आणि ती रोकड थेट घरखर्चाला. त्याचा ताळा जमत नाही. विचारलं की उत्तर, "ते घरचं आहे." त्या दिवसापासून तो सोयीचं तेवढंच लिहितो. दोष त्याला देऊ नका. चुणीचं बिल फर्मच्या नावाने फाडा, घरखर्च प्रत्येकाच्या पगारातून होऊ द्या.

दुसरं, त्याचा अधिकार आकड्यात लिहा. दिवसाला किती क्विंटल, कोणत्या भावापर्यंत तो एकटा घेईल. त्याच्या वर गेलं तर दोन भागीदारांची संमती. तुरीच्या हंगामात भाव फोनवर ठरतो, सगळ्या भावांना गोळा करायला वेळ नसतो. आणि हमालाने मॅनेजरला डावलून काकांना फोन लावला, तर काकांनी "त्यालाच विचार" म्हणून फोन ठेवावा. एकदा जरी परस्पर हुकूम सुटला तर पुढे मॅनेजरचं कुणी ऐकत नाही. साडूच्या उधारीलाही हाच नियम, कितीही जड गेलं तरी.

बहिणींना मात्र बैठकीला आजच बोलवा. मिलची जागा एचयूएफची, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाची, असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही मुलासारखीच जन्मतः हक्कदार आहे. सह्यांची वेळ येते तेव्हा ते आठवून उपयोग नसतो.

करारात नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्मच विसर्जित होते. वारस आत येणार की रक्कम घेऊन बाहेर, किंमत कोण ठरवणार, हप्ते किती, हे आबा ओट्यावर बसून चहा पीत असतानाच लिहून घ्या. आबा पहिल्यांदा रागावतील.