रिकाम्या जागा पुसू नका

काल रात्री पावणेदहा ते दीड. पावणेचार तास. दोन स्पेससाठी! त्याही ओळीच्या शेवटी, जिथे माणसाला त्या दिसत नाहीत आणि देवालाही दिसत नसाव्यात.

टेस्ट साधी आहे हो. पॅच म्हणजे फाइलमध्ये काय बदलायचं ते सांगणारी फाइल, आणि गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, 'अप्लाय' कमांडने तो लावतं. पॅचमध्ये एका नव्या ओळीच्या शेवटी मुद्दाम दोन स्पेस ठेवल्यात. गिट अप्लायला 'व्हाइटस्पेस=एरर' (व्हाइटस्पेस म्हणजे स्पेस, टॅब असल्या न दिसणाऱ्या जागा) सांगितलं की त्याने तो पॅच फेकून द्यायचा. 'फिक्स' सांगितलं की शेपूट कापून लावायचा. काल एररवाली टेस्ट लाल, म्हणजे नापास. पॅच हसत हसत लागतोय. मी आधी गिटची आवृत्ती बदलली. मग परत जुनी टाकली. मग कॉन्फिग उचकटलं, आधी माझं, मग सर्व्हरचं. मग सर्व्हर लावणाऱ्या माणसाच्या सात पिढ्या. काही नाही.

आणि फिक्सवाली टेस्ट हिरवी! शेजारी बसून हिरवीगार. त्यामुळेच फसलो. म्हटलं, तोच पॅच वापरून ही पास होतेय म्हणजे फाइल ठीकच असणार. अरे, ज्याच्या अंगावर मळच नाही त्याला आंघोळ घाला नाहीतर घालू नका, तो स्वच्छच निघणार ना!

सव्वा वाजता बायको उठली. "काय शोधतोयस?"
"जागा."
"आत्ता? गाडी खाली लावलीयस ना?"

शेवटी कॅट डॅश ए मारलं, न दिसणारी चिन्हं दाखवणारी कमांड. हे आधी का नाही केलं, विचारू नका. ओळीचा शेवट दाखवणारा डॉलर शेवटच्या अक्षराला असा खेटून उभा, जशी सकाळी साडेनऊला पुण्याच्या भूमकर चौकात मागची अ‍ॅक्टिव्हा पुढच्या रिक्षाला. मध्ये स्पेस नाही. एकही नाही.

कोणीतरी प्री-कमिट हुक बसवलाय, म्हणजे कमिट करताना, बदल गिटमध्ये नोंदवताना, आधी आपोआप चालणारी तपासणी. ओळीच्या शेवटची स्पेस दिसली की पुसायची. कमिटचा मेसेज 'किरकोळ साफसफाई'. 41 फायली. त्यात आमच्या टेस्टच्या पॅच फायलीही झाडून पुसून लख्ख. म्हणजे शाळेच्या पेपरात 'रिकाम्या जागा भरा' असा प्रश्न आहे आणि शिपायाने येऊन रिकाम्या जागाच पुसून टाकल्यात. पॅचमधली कोरी संदर्भओळसुद्धा (बदलाच्या आजूबाजूची, न बदललेली ओळ) खरं तर एक स्पेस असते, तीही गेली. त्यावर तरी गिटने बोंब मारावी? नाही. पूर्ण कोरी ओळ आली तरी ते समजून घेतं. जिथे कडक वागायचं तिथे उदार.

म्हटलं, हे मंजूर कोणी केलं, त्याला उद्या सकाळी चहाच्या टपरीवर गाठतो. उघडून बघितलं. मंजूर करणारा मी. खाली माझा 'लाइक'चा अंगठा. वर 'छान!' असं लिहिलेलं.

आता ऐका. रिव्ह्यू करताना, म्हणजे दुसऱ्यांचे बदल तपासताना, मी गेली दोन वर्षं 'व्हाइटस्पेस लपवा' चालू ठेवतो. कारण काही थोर मंडळी एक ओळ बदलायला फाइल उघडतात आणि सगळ्या टॅबच्या चार-चार स्पेस करून ठेवतात. त्यांना वैतागून. त्यामुळे त्या 41 फायलींत मला काहीच दिसलं नाही, आणि काहीच नसलेलं मी 'छान' म्हणून पास केलं. असो. हुक बसवणाऱ्या त्या पोराला काय बोलणार.

पण तरी! विंडोजवाले. ऑटोसीआरएलएफ, ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीचे करणारी गिटची सेटिंग. एका शब्दाची दुरुस्ती आणि डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक दाखवणाऱ्या यादीत, अख्खी फाइल लाल-हिरवी, प्रत्येक ओळीच्या शेवटी ते शेणाचा पो पडावा तसं ^एम, विंडोजच्या ओळशेवटाची खूण. दुसरे, पॅच चॅटवर पेस्ट करणारे. टॅबच्या स्पेस होऊन येतात, मग 'पॅच डझ नॉट अप्लाय' (पॅच लागत नाही), मग मला फोन. त्यांना कोणीतरी शहाणा सांगतो, इग्नोर-व्हाइटस्पेस लाव. लाव ना! तो संदर्भाच्या ओळी जुळवण्यापुरता डोळा झाकतो, अधिक चिन्हाच्या, म्हणजे नव्या, ओळी जशा आल्या तशाच आत घुसतात. टॅबच्या फाइलमध्ये स्पेसची पोरं. तिसरे त्याहून हुशार. 'डिफ डॅश डब्ल्यू'ने, म्हणजे स्पेसचे फरक गाळून, सुटसुटीत पॅच काढून पाठवतात आणि विचारतात, तुझ्याकडे का लागत नाही रे? आणि मेकफाइल, प्रोग्राम कसा बांधायचा ते सांगणारी फाइल! 1976 पासून टॅबची सक्ती, नसेल तर आता 'मिसिंग सेपरेटर'. पन्नास वर्षं झाली, एक टॅब!

आणि गिट स्वतः काय? व्हाइटस्पेसच्या चुका चाळीस असल्या तरी पहिल्या पाच दाखवणार, बाकीच्यांचा फक्त आकडा. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही याहून जास्त तक्रारी वाचून दाखवतात.

गिटच्या स्वतःच्या टेस्ट वाचल्या होत्या तेव्हा मी हसलो होतो. तिथे टॅबच्या जागी क्यू लिहितात आणि चालवताना त्याचा टॅब करतात. शेवटच्या स्पेसनंतर झेड टाकतात आणि सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने तो उडवतात. म्हटलं, काय हा येडेपणा. येडेपणा नाही बाबा, दुधाने पोळलेली माणसं आहेत ती. रात्री दीड वाजता मीही झेड टाकत बसलो.

सकाळी हुकमधून टेस्टच्या पॅच फायली वगळल्या आणि त्यांच्या फोल्डरमध्ये एका फाइलची पाटी लावली, आपल्या गावच्या पद्धतीने: 'येथील रिकाम्या जागा मुद्दाम ठेवल्या आहेत. साफसफाईची हौस आपल्या घरी भागवावी.' वगळलेल्या यादीत फक्त पॅच फायली होत्या, पाटी नव्हती. कमिट करायला गेलो तर हुकने अडवलं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक स्पेस राहिली होती.