आत्मा तोच, बॉडी दुसरी: जुनी गाडी 'रिस्टोर' करायचे सोपे उपाय

मुंबईत जुन्या गाड्या रिस्टोर करायचं गॅरेज काढायचंय? काढाच. हल्ली जाम मागणी आहे. लोकांकडे बाबांच्या गाड्या आहेत, गहिवर आहे आणि अ‍ॅडव्हान्स द्यायची तयारी आहे. तुम्हाला अनुभव नसला तरी चालेल, मला गिऱ्हाईक म्हणून चौदा महिन्यांचा आहे, त्यातून सांगतो.

गाडी बघताक्षणी 'साहेब, हिरा आहे हिरा' म्हणायचं. माझा हिरा म्हणजे १९६९ची फियाट ११०० डिलाईट, कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये बनलेली, बाबांनी बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली.

तारीख विचारली की 'गणपतीनंतर' सांगा. कुठल्या वर्षीचे ते सांगू नका.

फोटो मागितले तर टायरचे पाठवा.

आता मेन काम. खाऱ्या हवेत पंचावन्न वर्षं काढलेल्या गाडीचा फ्लोअर सडतो, दरवाजाखालचा पत्रा हाताने सोलून निघतो, डिक्की उघडली की खालचा रस्ता दिसतो. हे कापून नवा पत्रा ठोकून घडवायचा तर हात बसलेला डेंटर लागतो, आणि महिनेच्या महिने जातात. एवढं कोण करणार? त्यापेक्षा भंगारातून एखाद्या पद्मिनीची, म्हणजे याच फियाटच्या पुढच्या अवताराची, धड बॉडी उचला. फियाटला जीपसारखी खाली वेगळी चॅसी, म्हणजे सांगाडा, नसते, बॉडी हीच चॅसी, म्हणजे बॉडी बदलली की गाडीच बदलली, पण ते गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं? मूळ गाडीचा चॅसी नंबर असलेला पत्रा चौकोनी कापायचा, या बॉडीवर वेल्डिंग मारून बसवायचा, वरून ग्राइंडर, पुट्टी, पेंट. आरसी बुक तेच, नंबर प्लेट तीच, इंजिन तेच. शरीर काय, आज आहे उद्या नाही, आत्मा अमर असतो.

फक्त मागे पुरावे ठेवू नका, इथेच आमच्या गॅरेजवाल्या उस्तादांनी माती खाल्ली. गाडी घरी आणली, पेढे वाटले, आणि तिसऱ्या दिवशी छपराच्या पन्हळीतून रंगाचा टवका उडाला तर खाली पिवळा. आमची गाडी जन्मापासून राखाडी हो! मग मी डिक्कीतला कार्पेट उचलला तर सीएनजीच्या सिलिंडरचे पट्टे बसवायची भोकं, पुट्टीने बुजवलेली. बाबांच्या गाडीत सीएनजी? त्यांनी साधा रेडिओ बसवायला चार वर्षं विचार केला होता. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईतून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली तेव्हा स्टेटसला फोटो टाकून हळहळणाऱ्यांत मीही होतो, मला काय माहीत त्यातलीच एक रंग बदलून माझ्या बिल्डिंगखाली येणार आहे! डॅशबोर्डाखाली हात घालून बघितलं, तिथे बाबांनी खिळ्याने 'श्री' कोरला होता. गुळगुळीत पत्रा. तीन-तीनदा हात फिरवला, सोसायटीचा वॉचमन विचारतो काका काय हरवलं.

गिऱ्हाईक भांडायला आलं तर फॉरेनचं उदाहरण द्यायचं. मला बेंटलीचं मिळालं. 'ओल्ड नंबर वन' म्हणून बेंटली होती, १९२९ आणि १९३०ची फ्रान्समधली चोवीस तासांची ल मां रेस जिंकलेली, तिच्यात मूळचं फारसं काही उरलं नाही म्हणून घेणारा अडला, सौदा एक कोटी पौंडांचा, आणि १९९०मध्ये लंडनच्या कोर्टाने सांगितलं की गाडी तीच आहे. खरंय की. पण ती गाडी वर्षानुवर्षं बदलत गेली, एकाच गाडीचं आयुष्य सलग चालू राहिलं, म्हणून ती तीच. आमची गेली एका गेटने आणि दुसरी आली दुसऱ्या गेटने. रोल्स-रॉइससुद्धा एकेकाळी नुसती चॅसी आणि इंजिन द्यायची, बॉडी दुसऱ्या कारखान्यातून बांधून घ्यायचे, तिथे बॉडी बदलली तर मीही काही बोलणार नाही. सांगून बदला ना!

कायद्याचं टेन्शन घेऊ नका, ते गिऱ्हाइकाने घ्यायचं असतं. आरसीवरच्या माहितीशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने चालत नाही, आणि बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार दंड लिहिलाय, तोही गाडीच्या मालकाला. म्हणजे मला! २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला वीस हजार भरून 'व्हीए'वाला विंटेज नंबर मिळतो, पण चॅसी, बॉडी शेल, इंजिन यात बदल केलेला नको. मी फॉर्म भरून तयार होतो. आता त्यावर सही केली तर खोटं बोललो, आणि विकायला काढली तर पेन्सिल घासून नंबरचा छाप घेताना वेल्डिंगची चौकट कुणाच्याही बोटाला लागेल, मग चोरीची गाडी म्हणून पोलीस कुणाच्या दारात येणार? माझ्या.

बास झाले उपाय. अरे उस्ताद, गाडी सडली होती तर फोन करून सांगायचंस की काका, हे होणार नाही. मी रडलो असतो, पण घरी घेऊन आलो असतो. दुसरी बॉडी लागेल, आरटीओला कळवावं लागेल, विंटेज नंबर विसरा असं तोंडावर सांगितलं असतंस तर तेही ऐकून घेतलं असतं. तू नंबर कापलास. मेलेल्या माणसाचा अंगठा कापून दुसऱ्या कागदावर उठवावा तसा. ही चलाखी नाही, हा गुन्हा आहे, आणि वर मलाच सांगतोस 'साहेब, आधीपेक्षा मजबूत गाडी दिली'? पैसे ठेव तुझ्याकडे. बाबांची बॉडी कुठल्या भंगारवाल्याला किती किलोने घातलीस तेवढं सांग, डॅशबोर्डाखालचा पत्रा वितळला नसेल तर तो तरी आणतो.